मु. पो. हडपसर, ता. हवेली

ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं पुणे महापालिकेच्या हद्दीत अकरा गावं घातली. लोहगाव, शिवणे, उंड्री, धायरी, दोन्ही आंबेगावं, उरुळी देवाची, फुरसुंगी अशी ती यादी होती आणि तिच्यात एक नोंद अशीही होती: हडपसर (साडेसतरा नळी). वाचणाऱ्याला वाटावं, हडपसर तर कधीच शहरात गेलंय, आता पुन्हा कशाला? गेलंच होतं. गावठाण, सोलापूर रस्ता, कारखाने हे सगळं महापालिकेनं फार आधी आत ओढलं होतं. बाहेर राहिला होता तो पूर्वेकडचा तुकडा. त्याला स्वतःची ग्रामपंचायत होती, सरपंच होता, ग्रामसभा होती. २०१७ च्या अधिसूचनेनं तोही आत गेला. मृत्युलेखाला तारीख लागते. हडपसर गावाच्या बाबतीत मी हीच धरतो.

हडपसर नावाचं ठिकाण कुठंही गेलेलं नाही. ते जागेवर आहे, संध्याकाळच्या वाहतूक कोंडीसकट. गेलं ते गाव. चारही बाजूंना शिव असलेलं, आणि आत माणसं किती, घरं किती, जित्राबं किती हे चावडीवर बसलेल्या कुणालाही अंदाजानं सांगता येईल असं गाव. शिव आणि शिरगणती या दोन गोष्टींवर ते उभं होतं. दोन्ही गेल्या, आणि जाताना कुणालाही घर सोडावं लागलं नाही. धरणाखाली बुडालेल्या गावांवर निदान मोर्चे निघतात, पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो. हडपसरकरांना आपलं गाव गेलं हे वीज बिलावरच्या, घरपट्टीच्या पावतीवरच्या पत्त्यातून कळलं.

आधी ते होतं कसं, ते सांगतो.

पुण्याच्या जुन्या पेठांपासून पूर्वेला आठ-नऊ किलोमीटरवर, सह्याद्रीचा पाऊस जिथं हात आखडता घ्यायला लागतो तिथं हे गाव. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पूर्वेकडं सरकावं तसा कमी होत जातो. उत्तरेला मुळा-मुठा. संगमापासून निघालेली ही नदी मुंढवा, मांजरीला वळसे घालत पुढं भीमेला मिळते. नदीकडची जमीन काळी, खोल. दक्षिणेला महंमदवाडी, हांडेवाडीकडं चढत जाणारा मुरमाड माळ. पश्चिमेला रामटेकडी आणि वानवडी, आणि पूर्वेला शेवाळवाडी, मांजरी, फुरसुंगी. म्हणजे अर्ध्या गावाला नदीचा शेजार आणि अर्ध्याला आभाळाचा भरवसा. दख्खनच्या पठारावर अशी गावं शेकड्यानं सापडतील.

हे गाव शेकड्यातलं एक राहिलं नाही याला दोन कारणं, रस्ता आणि पाणी.

रस्ता जुना आहे. पुण्यावर पूर्वेकडून येणाऱ्याला इथूनच यावं लागे, फौज असो की भाजीची गाडी. २५ ऑक्टोबर १८०२ ला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला तो याच शिवारात. दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, वसईला इंग्रजांशी तह करून बसला. मराठी राज्याच्या अखेरीची सुरुवात जिथं झाली ती जमीन नंतर कोथिंबिरीखाली होती. इतिहासाची पुस्तकं लढाईपाशी थांबतात. कोथिंबिरीचं कुणी लिहीत नाही.

याच रस्त्याला गाडीतळावर फाटा फुटतो. एक वाट सोलापूरला, दुसरी सासवडला. आषाढी वारीत पुण्याचा मुक्काम आटोपून ज्ञानोबांची आणि तुकोबांची पालखी इथवर एका रस्त्यानं येते, हडपसरला विसावा होतो आणि इथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउली दिवेघाट चढून सासवडला जातात, तुकोबा लोणी काळभोरला. वाखरीच्या आसपास, पंढरपूर तोंडावर आल्यावर, पुन्हा भेट. गावाचं भूगोलातलं स्थान सांगायला नकाशा उलगडायची गरजच नव्हती. हे गाव कुठं आहे, तर जिथं दोन पालख्या वेगळ्या होतात तिथं. एवढा पत्ता सबंध महाराष्ट्राला पुरायचा. वर्षातला एक दिवस तो अजूनही पुरतो.

पाण्याची गोष्ट रस्त्याहून मोठी आहे. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण उभं राहत गेलं आणि त्याचा मुठा उजवा कालवा पुण्याच्या अंगावरून हडपसर, लोणी करत पार पाटसच्या मातोबा तलावापर्यंत गेला. दुष्काळी मुलखाला पाणी आणि पुणे-खडकीच्या छावण्यांना पाणी, असा दुहेरी हेतू. हडपसरला त्यातून मिळालं ते वेगळंच. कालव्याच्या खालच्या अंगाची, म्हणजे नदीकडची, सगळी जमीन एकदम बारमाही झाली. आभाळाकडं बघणारा शेतकरी पाटकऱ्याकडं बघू लागला. जोतीराव फुल्यांनी धरणाच्या कामाची कंत्राटं घेतली होती आणि शेजारच्या मांजरीला शेतीही केली. शेतकऱ्याच्या दैन्याविषयी त्यांनी जे लिहिलं ते पेठेतल्या ओसरीवर बसून लिहिलेलं नाही, एवढं तरी या परिसराच्या नावावर जमा आहे.

पाणी आलं आणि ऊस आला, गुऱ्हाळं आली, त्यामागून भाजीपाला. १८८६ मध्ये पुण्यात रे मार्केट सुरू झालं, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. हडपसर-मांजरी-मुंढव्याचे मळे आणि ती मंडई यांचं नातं मग पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पहाटे बैलगाडी जुंपायची, उजाडायच्या आत मंडई गाठायची, दुपारी परत. शहराला रोज खायला लागतं आणि भाजी रोज सुकते, या दोन गोष्टींवर गावाची आर्थिक घडी बसली होती. पैसा रोजचा, हातात पडणारा. म्हणून इथल्या मळेकऱ्याला कोरडवाहू गावातला शेतकरी जरा दबून असायचा. सोयरीक जुळवताना ‘बागायतदार’ हा शब्द ठासून उच्चारला जायचा.

वस्तीची ठेवणही पाण्यानं ठरवली. गावठाण मधोमध, पण माणसं मळ्यांत पांगलेली. ससाण्यांचे मळे होते तिथं आज ससाणेनगर, गोंधळ्यांच्या जागी गोंधळेनगर, सातवांची सातववाडी, हिंगण्यांचा हिंगणे मळा, मगरांचा मगरपट्टा. आडनावं वाचत गेलं की जुना नकाशा आपोआप उभा राहतो. कुणाची जमीन कुठं होती हे अजूनही बसच्या थांब्यांवर लिहिलेलं आहे. नकाशावर नाहीत ती माणसं, ज्यांना जमीन नव्हती. उसाच्या फडात राबणारे, गुऱ्हाळावरचे, बलुतेदार, पालं टाकून राहिलेले. अपवाद म्हणायचा तर रामटेकडीच्या कडेची वैदूवाडी. भटक्या जमातीचं नाव नकाशावर लागलं असं ते दुर्मीळ ठिकाण, पण तिथंही वस्तीचं नाव लागलं, मालकीचं नाही.

रेल्वे १८५८ च्या अखेरीस पुण्याच्या पुढं दिक्सळपर्यंत गेली, ती गावाच्या उत्तर अंगानं. हडपसर नावाचं स्टेशन गावठाणाहून मुंढव्याला जवळ. मिरजेच्या लायनीवरचं ‘सासवड रोड’ स्टेशन तर याहून मजेशीर. सासवड तिथून घाटापलीकडं आणि स्टेशन हडपसर-फुरसुंगीच्या कुशीत. रेल्वेनं या भागाला नावं देताना शिव कधी पाहिली नाही. पुढं महापालिकेनं तेच केलं.

मोजण्याविषयी थोडं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये एका गावाचा अभ्यास छापला. गाव पिंपळे सौदागर, पुण्याच्या दुसऱ्या अंगाचं. माती कसली, विहिरी किती, जमीन कुणाकडं किती, कर्ज किती, घरात खाणारी तोंडं किती, सगळं घरोघर जाऊन लिहिलं. त्यात १७७१ मध्ये सरासरी चाळीस एकरांची असलेली धारणा १९१५ च्या सुमाराला सात एकरांवर आल्याचं दिसलं. भारतातल्या गाव-अभ्यासांचं ते पहिल्या पिढीचं पुस्तक. ते आजही वाचावं. दीडशे वर्षांत चाळिसाचे सात झाले याची मान यांना काळजी वाटली होती. हडपसरमध्ये त्यानंतर एकराचे गुंठे झाले आणि गुंठ्यांचे चौरस फूट, तेही एका माणसाच्या हयातीत. पिंपळे सौदागरचंही तेच झालं. तिथं आता संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांचे टॉवर आहेत.

तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. गुंठा-दोन गुंठे विकायला तो आडवा येत होता, म्हणून विक्री झाली साध्या कागदावर, नोटरीपुढं, कधी नुसत्या शब्दावर. सोलापूर, लातूर, बीड, धाराशिवकडून आलेल्या माणसानं त्या गुंठ्यावर चार पत्रे उभे केले. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला तोवर मळ्यांच्या बांधांचे गल्लीबोळ होऊन गेले होते. हडपसरच्या आतल्या रस्त्यांना एवढी वळणं का, असं नवे लोक विचारतात. नगररचनाकाराची ती करामत नाही. बांध आणि पाट जसे वळले तसे रस्ते वळले.

माणसं आली ती आधी कारखान्यांमुळं. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ ची, सीरम इन्स्टिट्यूट १९६६ ची, शेजारी मुंढव्याला भारत फोर्ज. पाळीच्या भोंग्यानं गावाचं घड्याळ बदललं. घरातला थोरला मळ्यात आणि धाकटा कंपनीत, अशी विभागणी झाली. ती वर्षं मला या गावाची सगळ्यात चांगली वर्षं वाटतात. शेती होती आणि पगारही होता. रयत शिक्षण संस्थेचं साधना विद्यालय होतं. डॉ. दादा गुजर यांनी सेवा दलाच्या संस्कारातून साने गुरुजींच्या नावाचं रुग्णालय उभं केलं. एस. एम. जोशी यांच्या नावाचं महाविद्यालय, अण्णासाहेब मगरांच्या नावाचं महाविद्यालय. साने गुरुजी, साधना, एस. एम. ही नावं एकाच गावात एवढ्या जवळजवळ सापडावीत यात इथल्या समाजवादी मंडळींचा हात उघड आहे. त्या मंडळींची पुढची पिढी कुठं गेली, हा वेगळ्या लेखाचा विषय.

अण्णासाहेब मगर हडपसरचे. आमदार झाले, खासदार झाले, आणि १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून जी नगरपालिका झाली तिचे पहिले नगराध्यक्ष झाले. दुसऱ्यांच्या गावांचं शहर करण्यात पुढाकार घेणारा माणूस आपल्याच गावचा होता, हे हडपसरकर अभिमानानं सांगतात. अभिमान रास्त आहे. त्या वेळी शहर होणं म्हणजे नळ, गटार, दवाखाना येणं होतं आणि ते कुणाला नको होतं?

गाव वाटलं गेलं ते कुणी ठरवून नाही. १९७२ मध्ये पिनकोड आले. हडपसरला ४११०२८ मिळाला आणि औद्योगिक वसाहतीला ४११०१३. एका गावाचे टपालात दोन झाले. महापालिकेच्या हद्दीनं अलीकडचं आणि पलीकडचं केलं. अलीकडच्याला नगरसेवक, पलीकडच्याला सरपंच, आणि भावकी मात्र एकच. मग प्रभागांनी, दर निवडणुकीला नव्यानं आखल्या जाणाऱ्या त्या रेषांनी, गावठाणाचेही तुकडे पाडले. २००९ पासून हडपसर हा विधानसभा मतदारसंघ आहे, पाच लाखांहून जास्त मतदारांचा. त्यात गावाबाहेरचे कितीतरी भाग आहेत. नाव वाढलं आणि गाव त्यात विरघळलं. खरेदीखतात तेवढं ते शाबूत आहे. सत्ताविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट घेणाऱ्याच्या कागदावर आजही ‘गाव मौजे हडपसर, तालुका हवेली, जिल्हा पुणे’ असंच छापलेलं असतं आणि पुढं सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर. घेणाऱ्याला तो मजकूर वाचायला वेळ नसतो. तो मजला क्रमांक आणि पार्किंग बघतो.

मगरपट्ट्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल. नव्वदच्या दशकात शहर अंगावर येताना दिसत होतं. बिल्डर एकेकाला गाठून एकर-दोन एकर उचलत होते, पैसा गाडी-बंगल्यात, लग्नात उडत होता. अशा वेळी सतीश मगर यांच्या पुढाकारानं सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली, विकली नाही, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग वाटून घेतले. २००० च्या सुमाराला बांधकाम सुरू झालं. घरं, कार्यालयं, मधोमध बाग. शेतकऱ्याची मुलं कंत्राटदार झाली, व्यवस्थापक झाली. जमिनीच्या बदल्यात रोख आणि मग कंगाली, हे महाराष्ट्रातल्या शहरांच्या कडेला सगळीकडं दिसणारं चित्र इथं उलटं झालं. देशभरातून लोक अभ्यासाला आले आणि यायलाच हवे होते.

पण भाग जमिनीच्या प्रमाणात होते. सातबारावर ज्याचं नाव नाही त्याला भाग नाही. त्या चारशे एकरांतल्या उसात राबलेल्या बायका, पाटाचं पाणी रात्री फिरवणारे गडी, गुळाच्या काहिलीशी उभे राहिलेले गुळवे यांच्या हातात भागपत्र आलं नाही. कायद्यानं येणारही नव्हतं. मी यात कुणाचा दोष काढत नाही. मगरपट्ट्यानं गावातल्या जमीनमालकांना वाचवलं. गाव मात्र जमीनमालकांपेक्षा मोठं होतं. शेजारी साडेसतरा नळीच्या शिवारात अमनोरा उभं राहिलं ते तर थेट विकसकाचं, तिथं हा प्रश्नच उपस्थित झाला नाही.

मेलेल्या गावाच्या लोकसंख्येचा एक चमत्कार आहे, तो नोंदवायलाच हवा. जनगणनेच्या हिशेबात एखादी वस्ती ‘शहर’ ठरते ती तीन कसोट्यांवर: किमान पाच हजार माणसं, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पाऊण हिस्सा शेतीबाहेर, आणि चौरस किलोमीटरला किमान चारशेची दाटी. किंवा मग सरळ महापालिकेत गेली तर. गाव असेपर्यंत जिल्ह्याच्या जनगणना पुस्तिकेत त्याची स्वतंत्र ओळ असते: क्षेत्र किती हेक्टर, कुटुंबं किती, स्त्रिया, पुरुष, साक्षर, शाळा, टपाल, पिण्याचं पाणी. महापालिकेत गेलं की ओळ जाते. माणसं प्रभागांत मोजली जातात. २०११ मध्ये पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. त्यात हडपसरचे किती हे विचारलं तर आधी विचारावं लागतं, कुठलं हडपसर? गावठाणातलं, मतदारसंघातलं, पिनकोडातलं, की तलाठी दप्तरातलं?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. त्याच वर्षी मांजरी बुद्रुक, शेवाळवाडी, हांडेवाडी अशी आणखी तेवीस गावं महापालिकेत गेली. त्यांची शेवटची मोजणी दहा वर्षं जुनी होती. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या दोन गावांनी शहराचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, शहरात गेली, आणि मग पुन्हा बाहेर पडून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे शिव परत मागता येते. पण परत मिळालेली ती जुन्या गावाची नसते. फुरसुंगीच्या उसाचं तिनं काही झालं नाही.

आता २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. प्रगणक विचारतो, जन्म कुठला, आधी कुठं राहत होता, इथं किती वर्षं, का आला. लातूरहून येऊन गुंठ्यावर घर बांधलेल्याची उत्तरं त्या रकान्यांत व्यवस्थित बसतात. गाव अमुक, तालुका अमुक, कारण काम. हडपसरच्या गावठाणात जन्मलेल्या ऐंशीच्या म्हाताऱ्याचं काय लिहिणार? तो खेड्यात जन्मला आणि आज देशातल्या मोठ्या शहरांपैकी एका शहरात राहतो, आणि या दोन्हींच्या मधे त्यानं एकदाही बिऱ्हाड हलवलेलं नाही. स्थलांतराच्या तक्त्यात तो ‘नाही’मध्ये जाईल. शहर त्याच्याकडं चालत आलं, याला तक्त्यात रकाना नाही.

भूगोलाचा उरलेला धागा कालवा. १९६१ च्या पानशेत फुटीनंतर नवा उजवा कालवा झाला आणि जुना ‘बेबी कॅनॉल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी उचलून साडेसतरा नळीपाशी त्यात सोडतात. खालच्या गावांच्या शेतीला ते जातं. ज्या कालव्यानं खडकवासल्याचं गोडं पाणी आणून हडपसरला बागायतदार केलं, त्याच्यातून आता शहराचं वापरलेलं पाणी लोणीकडं वाहतं. आणि नव्या कालव्याच्या जागी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा बोगदा आखलेला आहे. गळती थांबेल, चोरी थांबेल, पाणी वाचेल, असा हिशेब आहे आणि तो बरोबर आहे. कालवा जमिनीखाली गेला की वरची पट्टी मोकळी होईल. तिच्यावर रस्ता करावा, अशी मागणी आहे.